चाचांची टपरी कशी पेटली?

मंडईत पाटी विकून संपली तरी तळाशी दोन-चार लिंबं राहतातच. कुणी मुद्दाम ठेवत नाही, राहतात. किस्स्यांचंही तसंच आहे बघा! लिंबं-मिरच्यांचा आमचा गाळा आता सून बघते. मी सकाळी मागच्या गल्लीतल्या चहाच्या बाकावर बसतो, आणि उठताना एखादा किस्सा धोतराला चिकटून घरी येतोच.

बाकावर आम्ही चौघं. आपटेसाहेब सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. छापून आलं की ते खरं, हा त्यांचा धर्म. शंकर रिक्षावाल्याचं बरोबर उलटं. छापून आलं म्हणजे काहीतरी दडवलंय! तिसरे हुसेनचाचा, गल्लीतले इस्त्रीवाले. कोळशाची इस्त्री, जन्मभर तीच. चौथा मी. शाळा पाहिलेली नाही, अक्षरं उतारवयात नातीनं शिकवली. त्यामुळे दोघांचंही नीट ऐकून घेतो आणि म्हणतो, "असेल बुवा." शंकरनं माझं नावच 'असेलदादा' ठेवलंय.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी चाचांची टपरी जळाली. माणूस कुणी दगावला नाही, पण टपरी गेली. शेजारची सुमनबाईंची हारांची टपरीही अर्धी गेली. चौकशीत निघालं की इस्त्रीतले निखारे नीट विझलेले नव्हते. शंकर म्हणाला, "साफ खोटं! कुणाला तरी ती जागा हवीय. पेटवलीय!"

चाचा रोज निखाऱ्यांवर पाणी ओतायचे आणि मगच कुलूप लावायचे. त्या दिवशी ओतलं की नाही, हे त्यांना काही केल्या आठवेना.

गल्लीतल्यांनी पत्रे ठोकून टपरी पुन्हा उभी केली. इस्त्री नवी आणली. पण चाचा तिला हात लावीनात. बाकावर यायचे आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचे. चाचा पुन्हा इस्त्री धरतात की नाही, एवढाच आम्हाला घोर होता. तोवर त्यांना हसवायचं काम आमच्याकडं.

* * *

आग लागल्यावर चार-पाच दिवसांनी आपटेसाहेब नेहमीसारखे पेपर घेऊन आले. ते पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचतात, निधनवार्तांसकट. त्या दिवशी तिसरं पान झालं आणि एकदम पाचवं आलं!

शंकरनं कान टवकारले. "साहेब, चौथं?"

"आलेलं नाही."

"आलेलं नाही म्हणजे?"

"छापलेलं नाही आज. वाचू द्या."

छापलेलं नाही! शंकरला एवढंच पुरे होतं. "पान दाबलं! दादा, बघितलं का? मी सांगत होतो!" असं म्हणत तो उठला, आणि त्याला साहेबांच्या मांडीखाली पेपरचा कोपरा दिसला. त्यानं तो ओढून काढला, उभ्या उभ्या वाचला. मग घडी घातली आणि पुन्हा साहेबांच्या मांडीखाली सरकवून दिला.

"नाही आलेलं," शंकर म्हणाला. "खरंच नाही आलेलं."

दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं!

चाचांनी बशीतला चहा संपवला आणि हळूच म्हणाले, "साहेब, ते पान सकाळीच माझ्या मोबाईलवर आलंय. नातवानं पाठवलं. फोटो बरा आलाय माझा."

* * *

एकदा पेपरात आलं, गुरुवारी पाणी येणार नाही, दुरुस्ती आहे. शंकर म्हणाला, "कसली दुरुस्ती! मोठमोठ्या सोसायट्यांकडं वळवणार आपलं पाणी." कारण कुणाचंही खरं असो, पाणी येणार नाही यावर दोघं ठाम. मी घरी जाऊन तेवढंच सांगितलं. आमच्या हिनं हंडे, कळश्या, पातेली, अगदी नातीची पाण्याची बाटलीसुद्धा भरून ठेवली.

आणि गुरुवारी दिवसभर धो धो पाणी!

दुसऱ्या दिवशी बाकावर साहेबांनी पेपरची घडीच मोडली नाही. शेवटी साहेब म्हणाले, "दुरुस्ती वेळेआधी झाली असेल. होतं असं. क्वचित."

शंकर म्हणाला, "आपल्याला गाफील ठेवायचा डाव आहे हा!"

मी दोन्ही कारणं घरी जशीच्या तशी पोचवली. ही म्हणाली, "असू दे. दोघांना म्हणावं, या आणि हे हंडे उपसा!"

चाचांना सांगितलं. ओठ जरासे हलले. तेवढंच.

* * *

एक बाई गाळ्यावर आल्या. सून जेवायला गेली होती म्हणून मी बसलो होतो. लिंबू नाकाशी धरून म्हणाल्या, "आजोबा, याला इंजेक्शन देतात ना? रंग यायला? आमच्या ग्रुपवर व्हिडिओ आलाय."

मी म्हटलं, "बाई, एवढ्याशा लिंबाला कोण सुई टोचत बसणार? मला तरी खरं वाटत नाही. पण मी काही बागेत जाऊन पाहिलेलं नाही."

त्यांनी लिंबू ठेवलं. शेजारच्या गाळेवाल्यानं देवाची, आईची आणि मुलांची, अशा एका दमात सगळ्या शपथा घेतल्या. त्यांनी त्याच्याकडून घेतली. सून माझ्यावर फणकारली, "मामंजी, नाही म्हणायचं की सरळ!"

पुढच्या आठवड्यात बाई हजर. माझ्याकडूनच लिंबं घेतली. मी विचारलं, "का हो, शेजारची बरी नव्हती?"

"लिंबं बरी होती," त्या म्हणाल्या. "पण लिंबासाठी पोराची शपथ? मला त्या माणसाचीच भीती वाटली!"

* * *

वाघोलीच्या पुढं माझी आक्का राहते. तिच्या वस्तीवर बिबट्या दिसला म्हणून बोंब झाली. वनखात्याचे साहेबलोक येऊन ठसे बघून गेले आणि म्हणाले, कुत्रा असावा. शंकरच्या फोनवर वेगळंच. म्हणे बिल्डरनंच आणून सोडलाय, लोक घाबरून स्वस्तात जमिनी विकतील म्हणून!

"चला, बघूनच येऊ," शंकर म्हणाला. खरं तर त्याला चाचांना कुठंतरी बाहेर काढायचं होतं. मी, साहेब, चाचा मागं दाटीवाटीनं बसलो. वाटेत रस्ताभर कुत्रा की बिबट्या, बिबट्या की कुत्रा. साहेब म्हणाले, "तुमचा फोन भुंकतो, एवढं मात्र सिद्ध झालंय."

आक्कानं चहा टाकला. दोघांनी आपापली बाजू तिच्यापुढं मांडली. तिनं सगळं ऐकलं, आणि पदर खोचत म्हणाली, "सायेब म्हनत्यात कुत्रं हाय. ह्यो म्हनतोय बिल्डरचा वाघ हाय. दोघंबी शानी मानसं. मी आपली शेरडं आत बांधते!"

"पण आक्का, तुम्हाला काय वाटतं?" शंकरनं सोडलं नाही.

"मला शेरडांचं वाटतं!"

चाचा हसले. आग लागल्यापासून पहिल्यांदा, ठसका लागेपर्यंत हसले. आक्कानं त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. "हसा हसा. ह्या दोघांच्यात राहून तुमचं डोकं कसं जाग्यावर हाय, तेच मला कळंना."

* * *

त्या दिवशी मंडईपाशी उतरलो. साहेब आणि शंकर आपापल्या घरी गेले. मी आणि चाचा चालत निघालो. आमचं चालणं म्हणजे चार पावलं आणि एक थांबणं.

चाचा म्हणाले, "बबन, शंकरचं खरं असेल तर मला कुणीतरी वैरी आहे. साहेबांचं खरं असेल तर मीच सुमनचा वैरी. झोप लागत नाही रे. तू मधला माणूस. तू सांग, त्या दिवशी मी पाणी ओतलं होतं का?"

तोंडात आलं होतं, ओतलं होतं म्हणावं. काय बिघडतं? मग वाटलं, याला खोटं कळेल. ओतलं नव्हतं, हे तरी मी कशावरून म्हणू? आम्ही पुन्हा थांबलो.

"चाचा, मी पाहिलं नाही," मी म्हटलं. "ओतलं असेल. राहूनही गेलं असेल. मला दोन्ही खरंच वाटतं, आणि कुठलंच ठरत नाही. ठरायचंही नाही बहुतेक."

"मग मी काय करू? ठरेपर्यंत असाच बसू?"

"साहेबांचे सदरे बघितलेत का हल्ली?" मी म्हटलं. "माणूस रद्दीतून उठून आल्यासारखा दिसतो."

चाचा त्यांच्या दाराशी थांबले. "साठ वर्षांची ओळख," ते म्हणाले, "आणि मी विचारतो काय, तू सांगतोस काय!" आणि मागं न बघता घरात गेले. मला वाटलं, बिनसलं आपलं.

* * *

सोमवारी सकाळी चाचांनी टपरी उघडली!

मी आणि शंकर बाकावरून बघत होतो. चाचांनी टेबलावर जाड चादर अंथरली, इस्त्रीत कोळसा भरला, काडेपेटी हातात घेतली. आणि तशीच धरून उभे राहिले. काडी ओढायला हात होईना.

शंकर धावला. "चाचा, मी पेटवू?"

"नको."

तेवढ्यात आपटेसाहेब आले. हातावर पांढरा सदरा. चाचांसमोर ठेवला आणि म्हणाले, "बातमी छापून आली होती, ती बरोबरच असणार. पण सदरा चुरगळलाय, हेही बरोबर आहे."

"साहेब, इस्त्री थंड आहे."

"मी पेन्शनर आहे. थांबतो."

साहेब थांबले. शंकर थांबला. चाचांच्या हातातली काडेपेटी तशीच.

सुमनबाई शेजारच्या टपरीत झेंडूची फुलं निवडत होत्या. आगीबद्दल त्या वर्षभर कुणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. "तुम्हाला काय वाटतं, कुणी पेटवली असेल?" असं शंकरनं कितीदा तरी विचारलं असेल. "ऑर्डर आहे माझी," एवढंच म्हणायच्या आणि दोरा ओवायच्या.

त्या उठल्या. चहावाल्याची शेगडी अजून कोळशाचीच आहे. त्याच्याकडून घमेल्यात चार लाल निखारे मागून घेतले. पदर सावरत आल्या, चाचांच्या इस्त्रीचं झाकण स्वतःच उघडलं आणि निखारे आत सोडले. मग माघारी जाऊन एक पिशवी घेऊन आल्या. पिशवीतून साडी निघाली. पोपटी रंगाची, रेशमी.

आपटेसाहेबांनी टेबलावरचा आपला सदरा उचलून पुन्हा हातावर घेतला.

"भाचीच्या साखरपुड्याला नेसायचीय," सुमनबाई म्हणाल्या. "माझ्याकडं बरी साडी एवढी एकच आहे, चाचा."

आणि जाऊन, चाचांच्या टपरीकडं पाठ करून, हार ओवायला बसल्या.