नोएमीच्या सलामीची निळी रिबीन

झऱ्यापाशी सगळे थांबले आणि पिशव्या उघडल्या. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमचं गाव डोंगरावरच्या मारिया मातेच्या दर्शनाला चालत जातं, आणि निम्म्या वाटेवर इथे न्याहारी होतेच. पाव, डुकराच्या मांसाची मुरवलेली सलामी, कुणाच्या तरी घरची वाइन. नोएमीनं पिशवीतून उकडलेलं अंडं काढलं आणि दगडावर टिचवलं.

"अगं, सातवा महिना तुझा! अंड्यावर चढणार आहेस हा डोंगर?" बेकरीवाली ओरिएत्ता सुरीच्या टोकावर सलामीची चकती धरून म्हणाली. "घे की एक. परकी नाही, तुझ्या सासूच्याच हातची आहे."

"म्हणूनच नको," नोएमी म्हणाली.

ओरिएत्ता खो खो हसली. तिला ती थट्टाच वाटली. समोरच्या ओंडक्यावर नोएमीची सासू झेलिंदा बसली होती, ती हसली नाही. तिनं सुरी ॲप्रनला पुसली, मिटली, आणि उठून पुढच्या घोळक्यात चालू लागली.

नोएमीनं माझा दंड धरला. "मावशी, आपण मागून जाऊ. हळूहळू."

मी तिची कुणी नात्याची नव्हे. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत आहे एवढंच. तिच्या नवऱ्याला, इव्हानोला, लहानपणी मी चर्चमध्ये प्रार्थना शिकवल्या. नोएमी खालच्या सपाटीवरच्या शहरातली. लग्न होऊन आली आणि आमच्या घाटातली शाळेची बस चालवू लागली. शेवटच्या पोराचा पट्टा लागल्याशिवाय बस हलवायची नाही. पोरं ओरडायची, "लागला, लागला!" तरी ही उठून, मागे जाऊन, एकेक पट्टा ओढून बघायची. घाटातले लोक म्हणायचे, शहरातली आहे, घाबरट आहे. मला तिचं ते ओढून बघणं आवडायचं.

दिवस गेले तेव्हा पहिल्याच रक्ततपासणीत तिला सांगितलं होतं, मांजरांमुळे मातीत आणि कच्च्या मांसात येणारा तो बारीक जंतू हिच्या अंगात कधी गेलेला नाही. ज्यांना पूर्वी होऊन गेलाय त्या बायकांना भीती नसते. हिला आता झाला तर पोटातल्या बाळाला लागू शकतो, डोळ्यांना, मेंदूला. म्हणून दर महिन्याला रक्त द्यायचं, भाजी घासून धुवायची आणि कच्ची सलामी बंद. उकडलेलं, वाफाळतं काहीही खा, असं दवाखान्यातल्या सुईणीनं सांगितलं.

पण आमच्याकडे रीत अशी की हिवाळ्यात घरचं डुक्कर कापलं की पहिली सलामी घरातल्या गर्भार सुनेसाठी कापायची. झेलिंदाच्या तळघरातली सलामी म्हणजे तर गावाचा अभिमान. तिला सुनेनं "नको" म्हटलं तेव्हा तिचा चेहरा पडला.

"माझं डुक्कर घाणेरडं आहे का?" सुनेकडे आली असताना ती भिंतीवरून मला म्हणाली होती. "तीन पोरं काढली मी याच सलामीवर. आणि कसले जंतू राहतायत? मिठात मुरते, दोन-दोन महिने टांगलेली असते!"

इथेच आमची सगळ्यांची चूक होते. मुरलं म्हणजे शिजलं, असं आम्ही धरून चालतो. मीही तसंच धरून चालत होते.

नोएमीलाही खायची इच्छा होतीच, डोहाळेच म्हणा. तिनं सुईणीला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, न खाल्लेली बरी. राहवतच नसेल तर आधी महिनाभर डीप फ्रीजरमध्ये कडक गोठवा, थंडीनं तो जंतू मरतो. नोएमीनं सासूच्या घरी जाऊन तिला विनवलं. झेलिंदा आधी चिडली, गोठवलेली सलामी बाहेर काढली की तिला पाणी सुटतं, चव जाते, असली सलामी घरात निघाली तर लोक हसतील. शेवटी कबूल झाली. खूण म्हणून नोएमीनं स्वतःच्या शिवणाच्या डब्यातली निळी रिबीन दिली. गोठवून झालेल्या सलामीला ती बांधायची. निळी रिबीन दिसली की नोएमीनं निश्चिंत खायचं.

आणि ती खायची. डोळे मिटून खायची. एकदा माझ्या अंगणात येऊन म्हणाली होती, "मावशी, सासूबाई माझ्यासाठी एवढं करतात, मी त्यांना उगीच कडक समजत होते."

एप्रिलमध्ये तिचं रक्त बदललं. जंतू अंगात गेला होता, नुकताच.

ते दिवस मी पाहिले. तिला वाटलं, कुठेतरी आपल्याच हातून पट्टा लावायचा राहिला. बागेत हातमोजे घातले नसतील. कोशिंबीर नीट धुतली नसेल. नऊ वर्षांची पाळलेली मांजर तिनं रडत रडत बहिणीकडे पाठवून दिली. पाद्रींपाशी जाऊन कबुलीसुद्धा दिली, मी माझ्या बाळाची काळजी घेतली नाही म्हणून. औषधं सुरू झाली. सोनोग्राफीत अजून तरी वाईट काही नाही. पण डोळ्यांचं काय ते बाळ बाहेर आल्यावरच कळणार.

एवढं मला माहीत होतं. पुढचं तिनं आज सांगितलं, चेस्टनटच्या झाडीतून चढताना, मध्ये मध्ये थांबून.

"गेल्या रविवारी जेवायला सासूबाईंकडे होतो. इव्हानोचे मित्र आले होते. मी बर्फ काढायला म्हणून डीप फ्रीजर उघडला. मटार होते, सूप होतं. सलामी एकही नाही. म्हटलं, संपली असेल. मग तळघरात बघावं म्हणून जिन्याच्या दाराशी गेले, तर इव्हानो खालून वर येत होता." ती थांबली. श्वासासाठी असेल. "एका हातात सलामी होती, वर पांढरी बुरशी तशीच. रिबीन दातात धरली होती. दुसऱ्या हातानं गाठ मारत होता."

मी जपमाळेचे मणी मोजत चालले होते. माळ खिशात ठेवली.

"काय म्हणाला?"

"आधी हसला. म्हणाला, 'अगं, पाहुण्यांसाठी.' पाहुण्यांना रिबीन कशाला रे, म्हटलं. मग म्हणाला, 'आईला किती वाईट वाटलं असतं. आणि तू इतकी आवडीनं खात होतीस. मला वाटलं, एवढी मुरलेली असते, काय होतंय.' मावशी, पहिल्या दिवसापासून. एकही गोठवलेली नव्हती. एकही नाही."

"आणि झेलिंदा?"

"त्या म्हणाल्या, मी पोराला सांगितलं होतं, गोठवलेली नाही हे तुझ्या बायकोला सांग म्हणून. तो म्हणतो, आईनं सांगू नको म्हटलं." ती हसली, पण कोरडंच. "त्यांचं बघ कसं असतं, चूक सुद्धा दोघं वाटून घेतात. मी मधे नाहीच."

"चुकला गं तो," मी म्हणाले. "वाईट मनाचा नाहीये इव्हानो. मी त्याला पाच वर्षांचा असल्यापासून..."

"सासूबाईंचं मी विसरेन कदाचित," ती मधेच म्हणाली. "त्यांना खरंच वाटत होतं की काही होत नाही. पण रक्त बदललं तेव्हा याला कळलं असणार ना? मी मांजर पिंजऱ्यात घालत होते, तेव्हा पिंजरा यानं धरला होता. मावशी, यानं धरला होता! एक शब्द बोलला नाही."

 आम्ही दोघी पाय उचलत राहिलो.

झाडी संपली तसं चर्च दिसलं. इव्हानो बाकं घेऊन गाडीनं आधीच पोचला होता. आम्हाला पाहून त्यानं लांबूनच हात हलवला आणि सावलीतलं एक बाक उचलून नोएमीसाठी आणखी आत सरकवलं. जवळच झेलिंदा मेणबत्त्या पेटवत होती. एक पेटवली, विझली, पुन्हा पेटवली. ती बाळासाठी होती हे मला कुणी सांगायला नको होतं.

नोएमी कुंपणापाशीच थांबली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "बाळ झालं की लगेच त्याला दुसऱ्या खोलीत नेतात. डोळे तपासतात, डोकं तपासतात. मी पलंगावरच असणार. बाळाबरोबर घरचं एकच माणूस सोडतात."

"इव्हानो जाईलच की."

"तो जाईल आणि बाहेर येऊन मला बरं वाटेल तेच सांगेल. हसत सांगेल. मी त्याच्याकडे बघत राहीन आणि मला कधीच कळणार नाही." तिनं माझा हात घट्ट धरला, बसमध्ये पट्टा ओढून बघायची तसा. "त्या खोलीत तू जा, मावशी. आणि बाहेर आलीस की जसं असेल तसं मला सांग."