परबकाकांच्या फोटोवरचा हार

कोणी मोबाइल वर उचलला, की परबकाका श्वास रोखून, छाती पुढे काढून उभे राहत. उचलणारा बिचारा रेंज शोधत असला तरी. अंधेरीतल्या आमच्या छोट्या डिझाइन ऑफिसात ते शिपाई होते. पण त्यांच्या मिशा बघून नवे क्लायंट आधी त्यांनाच नमस्कार करत आणि काका तो बिनदिक्कत घेत. "मान मिशेक आसता, माका नाय," असं वर मलाच ऐकवत.

एकदा घाटकोपरचे मेहुलभाई आले. टाइल्सचा धंदा सोडून त्यांना मालवणी खानावळ काढायची होती, तीही पिढ्यानपिढ्यांची वाटणारी. नाव, पाटी, मेनू, भिंती, सगळं आम्ही करायचं. "बॉस, बाकी सब ठीक आहे," ते म्हणाले, "पण एक आजोबा पाहिजे." म्हणजे संस्थापक. मी एका दुपारीत 'आबा सरमळकर' जन्माला घातले: गिरणी कामगारांना स्वतःच्या हाताने मासे वाढणारे. चेहरा शोधावा लागला नाही. तो समोर चहा घेऊन उभा होता.

काळी टोपी, कोट, काठी. काकांनी फोटोसाठी इतका वेळ श्वास रोखला की फोटोग्राफर घाबरला. "भियातंस कित्याक? आबा काय इतक्यात मरूचो नाय!"

उद्घाटनाला ते काकूंना घेऊन नाहूरहून आले. दारासमोरच तो भलामोठा तपकिरी फोटो आणि त्यावर चंदनाचा हार. हाराची कल्पना माझीच. संस्थापक म्हटला की तो गेलेला बरा. गिऱ्हाइकं आत शिरताना हात जोडत होती. काका खूश! फोटोखालच्याच टेबलावर बसून सुरमईवर तुटून पडले. "आपल्याच बाराव्याचा जेवान जेवणारो मी पयलोच!"

काकूंनी ताटाला हात लावला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साहेब, ते जिते आसत मां? मगे हार कित्याक? काढा तो." त्यांची मूठ मंगळसूत्रावर आवळलेली होती.

"उद्याच काढतो," मी म्हणालो.

मेहुलभाई ऐकेनात. "हार काढला तर आजोबा जिंदा वाटतो, यार. उद्या लोक बोलतील, बुलाओ उनको, आज मासा खारट झालाय." मी खो खो हसलो. खरं सांगायचं तर मलाही हार हवाच होता. त्याच्याशिवाय ती भिंत ओकीबोकी दिसली असती.

पुढे काका दर सोमवारी चहा ठेवताना विचारत, "ती इचारता, हार काढलात काय?"

"या आठवड्यात, काका."

काही महिन्यांनी ते विचारेनासे झाले. काकू विसरल्या असतील, असं मी धरून चाललो.

गेल्या थंडीत काका दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

नाहूरला गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मी समोर सतरंजीवर बसलो. त्याच म्हणाल्या, "तुमचे उपकार, साहेब. मी सांगलंय आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी हार काढलात, ह्येंनी सांगल्यानी. त्या दिसापासून माझ्या जिवाचो घोर गेलो."

मी सतरंजीकडे बघत राहिलो.

"आता घाला परत," त्या म्हणाल्या. "आता चलात."

"घालतो," मी म्हणालो.

तिथून सरळ खानावळीत गेलो. हार जागेवरच होता, धूळ तेवढी बसली होती. वेटरकडून स्टूल मागून घेतलं, वर चढलो, रुमालाने हार पुसला आणि उतरलो. काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"एकटेच का, साहेब?" वेटरने विचारलं.

हो म्हणालो आणि बसलो.