स्टिअरिंगमधलं चामडं

केनियातल्या मारालाल गावचा मेकॅनिक लेतोये धूर हुंगून इंजिनाचं दुखणं सांगे. नोल्मोंगीमामीची म्हातारी जीप आली, तेव्हाही त्याने नाक पुढे केलं.

"निळा आहे, मामी. ऑइल पितेय."

"पिऊ दे, माझा नवराही पितो. पण ही डावीकडे का ओढते?"

लेतोये खाली शिरला. स्टिअरिंगच्या सांध्यात रबराऐवजी बैलाचं चामडं कोंबलेलं होतं. अशी युक्ती त्याचा धाकटा भाऊच करायचा. तो गेल्या महिन्यात वारला होता.

"चामडं झिजलंय," तो म्हणाला.

"घातलं कोणी?"

लेतोयेच्या सांबुरू जमातीतला माणूस मेलेल्याचं नाव घेत नाही. "होता एक."

भावाच्या हातचं तेवढंच उरलं होतं. पण ते तसंच ठेवलं असतं तर घाटात मामी उरली नसती. त्याने नवं रबर बसवलं. काढलेलं चामडं कुत्र्याने पळवलं. लेतोयेने ते नुसतं पाहिलं आणि तो पाना पुसत बसला.