रेणूचा डबा

सालेकशाजवळच्या आमच्या गावात शाळेची खिचडी शामकला शिजवते. तिच्या हाताला चव आहे आणि जिभेला धार. कोणाची पोरगी दोन दिवस शाळेत दिसली नाही, की ही बया थेट तिच्या दारात. "पोरीले काऊन घरी ठेवून रायली? दुपारी पोटभर जेवते, संगं चार अक्षरं शिकते. तुह्या बापाचं काय जाते?" तिच्या या तोंडाळपणामुळे कितीतरी पोरी शाळेत टिकल्या, हे मात्र खरं. हेडमास्तरांनी ग्रामसभेत तिचं नाव घेतलं, तेव्हा आठवडाभर तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

भाताची रोवणी लागली आणि मंदाबाईची रुची शाळेत दिसेना. शाळा सुटल्यावर शामकला तिच्या घरी गेली. हातात उरलेल्या खिचडीचा डबा होता.

मंदाबाई चिखलाचे पाय धूत होती. तिने शामकलाचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि डब्याकडे बोट केलं.

"हे कोणासाठी नेऊन रायली?"

"रेणूसाठी. घरी टिंकूले सांभाळते ना ते."

"मंग तुही रेणू डब्यातच शाळा शिकते का वं?"

शामकलाने डबा पदराखाली घेतला. धाकटा टिंकू चालायला लागल्यापासून तिच्या पोरीने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पोट भरतंय ना, मग झालं, असं ही धरून चालली होती. हेडमास्तरही भिडेपोटी गप्प होते. आणि ही गावाला शहाणपण शिकवत फिरत होती! लाजेने ती मागच्या वाटेने घरी आली.

"टिंकूले उद्यापासून तुमी सांभाळा," ती नवऱ्याला म्हणाली. "रेणू शाळेत जाईल."

"अन् रोवणी?" जागेश्वर म्हणाला.

"वावराच्या धुऱ्यावर बसवा त्याले."

जागेश्वरने मान डोलावली. ती कमवायला लागल्यापासून घरात तिचा शब्द चालत होता. तो शब्द इतके दिवस पोरीसाठी टाकला नाही, हेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी रेणू आखूड झालेल्या गणवेशात पंगतीला बसली. रुची आलीच नव्हती, आणि तिला आणायला जायचं तोंड शामकलाला उरलं नव्हतं. तिने रेणूच्या ताटात खिचडी वाढली. रेणूने हळूच विचारलं,

"माय, उद्याबी येऊ का?"

"रोज ये वं," शामकला म्हणाली, पण पोरीच्या डोळ्याला डोळा देणं काही तिला जमलं नाही.