केंडाचा रस्सा

मालवणला जाळं ओढलं तेव्हा एक ठिपक्यांचा मासा वाळूत पडला आणि बघता बघता चेंडूसारखा टम्म फुगला. आदल्याच दिवशी तसला मी पाण्याखाली प्रवाळात बघितला होता, चोचीसारख्या दातांनी शिंपला फोडताना. जाळ्यापाशी उभ्या बाईंनी मला बजावलं, "तो केंड. विखारी. आमी खाणव नाय." मी लगेच दादाला सांगितलं. माझा थोरला भाऊ, अट्टल कोल्हापुरी. म्हणाला, "फुकट मिळतोय म्हणून भ्या दाखवत्यात. आपल्या तांबड्या रश्श्यात दगडबी पचतोय!"

तो मासा त्यानं बर्फात घालून घरी आणलाच. कोल्हापुरात आल्यावर रांधला मीच. वैनी गारगोटीला माहेरी होत्या. मनातून टरकले होते, पण दादापुढं बोलायची माझी काय टाप? माझ्या ताटात मात्र तो घेतला नाही.

चार घास झाले आणि दादा ओठ चोळायला लागला. मुंग्या आल्यात म्हणाला.

"दादा, थांब की आता!"

"गप! तिखट लागलं म्हणू व्हय मी?" आणि वर वाटीभर रस्सा प्याला.

अर्ध्या तासात जीभ जड झाली, हातातनं तांब्या निसटला. दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचं सगळं अंग लुळं पडलं होतं. श्वासाला मशीन लावलं.

वैनी धावत आल्या. "कुणी रांधलं हे?"

मी दादाच्या उशाशीच उभी होते, आणि बोलून गेले, "त्यानंच. मी नको नको म्हणत होते."

डॉक्टर म्हणाले, "इथं जपून बोला. त्यांना हलता येत नाही, पण शुद्ध आहे. सगळं ऐकू येतंय त्यांना."

माझी पाचावर धारण बसली. दादा मरेल ही भीती होतीच, आता तो उठेल याचीही वाटायला लागली. असली मी बहीण! माझीच मला शिसारी आली. दोन दिवस त्याच्या मिटल्या पापण्यांकडं बघत बसले. अंबाबाईला हात जोडायचे, पण काय मागायचं तेच कळायचं नाही.

तिसऱ्या दिवशी नळी काढली. वैनी रडत रडतच त्याच्यावर उखडल्या, "कुणी सांगितलं हुतं तुमाला असलं रांधायला?"

दादानं माझ्याकडं बघितलं. मी पदर तोंडाशी धरला.

"चुकलं माझं," तो घोगऱ्या आवाजात वैनींना म्हणाला. "ही नको म्हणत हुती. मीच रांधला."