उलट्या बाजूनं वाचलेली प्रेमकथा

बावीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवते. बोट ओळीखाली ठेवायचं, डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायचं, ओळ संपली की खाली उतरायचं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझी जी शोभा झाली ती किती मोठी होती ते कळेल.

मुलगी तेव्हा लातूरला डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेच्या रिपीटर बॅचला होती. पहिल्या वर्षी मार्क कमी पडले. घरात तिला कुणी काही बोललं नाही, पण निकालाच्या दिवसापासून तिनंच बोलणं आवरतं घेतलं. होस्टेलवर मोबाइल ठेवू देत नसत. दर रविवारी अकरा वाजता रेक्टर मॅडमच्या फोनवरून दहा मिनिटं मिळायची आणि त्यातली नऊ मिनिटं मीच बोलायचे. जेवलीस का? हाव. झोप होते का? हाव. काही पाठवू का? न्हाई. हीच पोरगी पूर्वी भोकरहून नांदेडला जाताना कंडक्टरपासून शेजारच्या बाईपर्यंत सगळ्यांचं डोकं खायची, आणि मी तिला गप्प बस म्हणून चिमटे काढायचे. लातूरच्या पोरांच्या वाईट बातम्या सगळेच वाचतात. मीही वाचायचे आणि तो पेपर घडी घालून गादीखाली सरकवायचे, जसं काही त्यानं बातमी दबणार होती.

दिवाळीनंतर पालकांची सभा झाली. रेक्टर मॅडमनी ड्रॉवरमधून एक पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. जपानी चित्रकथा, इंग्रजीत छापलेली. कव्हरवर शाळेच्या गणवेशातला एक मुलगा आणि एक मुलगी, दोघांचे डोळे बशीएवढे. मॅडम म्हणाल्या, रिपीटरच्या वर्षाला पोरी हे वाचतात, तुम्हीच सांगा काय करायचं. माझं डोकंच फिरलं. मी मुलीला व्हरांड्यात गाठलं आणि तिथं बसलेल्या चार बायांसमोर तोंडाला येईल ते बोलले. एवढ्या लांब तुला हे प्रेमाबिमाचं वाचायला ठेवलंय का, असंही म्हणाले. तिनं एवढंच सांगितलं, "माझं न्हाई ते. मैत्रिणीचं हाय." आणि क्लासला निघून गेली. मला ती पळवाट वाटली.

पुस्तक माझ्या पर्समध्येच राहिलं. नांदेडच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली तेव्हा म्हटलं, बघू तरी यात काय एवढं विष आहे. कव्हर उघडलं तर आत ठळक इंग्रजीत ‘थांबा’ असं काहीतरी लिहून खाली बारीक मजकूर होता. पुस्तकाच्या सुरुवातीला नक्कल करणं गुन्हा आहे वगैरे छापतात, ते कोण वाचतं? मी पान उलटलं.

पहिल्याच चित्रात ती दोघं फुलांनी लगडलेल्या झाडाखाली हातात हात घालून उभी. झालं, म्हटलं, सुरुवातच अशी! पण पुढे भलतंच. पानं उलटत गेले तशी दोघं एकमेकांपासून लांब व्हायला लागली. आधी हात धरणारा मुलगा नंतर नुसतं बोट लागलं तरी कानापर्यंत लाल. बोलणंही चमत्कारिक, उत्तर आधी आणि प्रश्न नंतर. मला वाटलं, माझंच इंग्रजी कच्चं.

तरी ते पुस्तक खाली ठेववेना. एका छत्रीसाठी बारा पानं खर्च केली होती. ती घेऊ की नको, तो देऊ की नको, आणि पाऊस आपला पडतोच आहे. घडत काहीच नव्हतं, तरी मी अहमदपूरला चहा प्यायला उतरले नाही. आमच्या वेळी शाळेत मुली सरांच्या मागून वर्गात यायच्या आणि सरांच्या मागूनच बाहेर पडायच्या. दहावीत एकानं माझी भूमितीची वही मागितली होती. परत आली तेव्हा माझी वेडीवाकडी वर्तुळं पुसून नीट काढलेली होती, बाकी एक शब्द नाही. मी ती वही इतक्यांदा उघडून बघितली की भावाच्या लक्षात आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो मला शाळेत सोडायला यायला लागला. या पुस्तकात कुणाचा भाऊ येत नव्हता, आडनाव विचारून कुणाचा चेहरा बदलत नव्हता. मला त्या दोघांचा हेवा वाटला, आणि ती दूर जाऊ लागली म्हणून रागही आला.

लोह्याच्या अलीकडे शेवट आला. आता ती दोघं एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हती. अगदी शेवटच्या पानावर ती मुलगी अनोळखी वर्गात, मागच्या बाकावर, मांडीवर डबा घेऊन एकटी खात बसलेली. मला रडू फुटलं. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली, ती मी निमूट घेतली. माझी पोरगी एवढ्या मोठ्या शहरात बसून हे वाचते? जिला सगळे सोडून जातात अशा मुलीची गोष्ट? घरी पोचेपर्यंत मी पार घाबरून गेले होते.

सकाळी पुस्तक ओसरीतल्या बाजेवर राहिलं होतं. माझे सासरे शहाऐंशी वर्षांचे, निजामाच्या राजवटीत चौथीपर्यंत उर्दूत शिकलेले. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. चष्म्यावर भिंग धरून ते चित्रं बघत होते आणि गालातल्या गालात हसत होते. मी बघितलं तर पुस्तक पाठीमागून उघडलेलं. मी म्हटलं, मामा, उलटं धरलंय तुम्ही. आणि सवयीनं त्यांच्या हातातलं घेऊन सरळ करून दिलं.

त्यांनी ते पुन्हा फिरवलं. म्हणाले, "पोरगी आधी एकटी जेवून राहिलीय. मंग तिच्याजवळ कुणीतरी येऊन बसतंय. यात उलटं काय हाय?"

म्हाताऱ्या माणसाशी काय वाद घालायचा म्हणून मी शाळेत निघून गेले. पण दिवसभर पोरांची बोटं ओळीखालून सरकताना बघून मला चुकल्यासारखं होत होतं.

रविवारी फोन आला. या वेळी जेवलीस का विचारलं नाही. व्हरांड्यात बोलले त्याचा विषय काढायचा होता, तो काढवेना, म्हणून सरळ विचारलं की असलं रडकं पुस्तक कशाला वाचतेस. रडकं कुठंय, असं तिनं विचारलं. मग मी तिला सगळी गोष्ट सांगितली. झाडाखाली हात धरलेला, मग दुरावा, मग ओळखसुद्धा नाही, आणि शेवटी ती बिचारी एकटी डबा खाते. बसमध्ये मी चहाला उतरले नाही, रडले, आणि आजोबा भिंग धरून ते मागूनच बघत होते, तेही सांगितलं.

पलीकडून एक बारीक आवाज आला, आणि मग ती जी हसत सुटली, ती थांबेचना. मागून रेक्टर मॅडम काय झालं, काय झालं करत होत्या. निकालानंतर पहिल्यांदा मी तिचं हसणं ऐकत होते. मला पुन्हा रडू यायला लागलं, पण या वेळी पाण्याची गरज नव्हती.

"मम्मी, तू पोरांना वाचायला शिकवतीस ना? जपानी पुस्तक उर्दूसारखं उजवीकडून असतंय. तू उघडलंस तिथं पहिल्याच पानावर लिवलंय, थांबा, तुम्ही उलट्या बाजूनं वाचून राहिलात म्हणून. आपल्या घरात एकटे आजोबाच शिकलेले."

मी विचारलं, मग ती शेवटची एकटी मुलगी?

"ते शेवट न्हाई. तिथून तर सुरू होतंय."

मग ती आपणहून बोलायला लागली. म्हणाली, त्या शाळेत परीक्षा दोन पानांत संपते आणि संध्याकाळी पोरांना कंटाळा करायला वेळ असतो, म्हणून ते वाचायला बरं वाटतं. क्लासहून आल्यावर दहा पानं वाचायची, मग फिजिक्स काढायचं. पुस्तक देगलूरच्या एका मुलीचं होतं. रिपीटर बॅचच्या पहिल्या दिवशी दोघी मागच्या बाकावर बसल्या होत्या, दोघींचेही मार्क हुकलेले, दोघीही गप्प. तिसऱ्या दिवशी त्या मुलीनं काही न बोलता हे पुस्तक हिच्याकडे सरकवलं. तेव्हा मला व्हरांड्यातलं तिचं वाक्य ऐकू आलं. माझं न्हाई, मैत्रिणीचं हाय. त्यात मैत्रीण हा शब्द होता. मी इतके महिने ज्याची वाट बघत होते तो शब्द तिनं माझ्या हातात दिला होता, आणि मी तिला सगळ्यांसमोर रागवत होते. मी तिचं वर्षसुद्धा निकालाच्या पानापासून मागं मागं वाचत गेले होते.

पुढच्या रविवारी फोनची वाट न बघता मी पहाटेची बस धरली. पुस्तक पेपरात गुंडाळून घेतलं होतं आणि दोन डबे केले होते, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. रेक्टर मॅडमना सांगितलं की पुस्तक चांगलं आहे, चूक माझी झाली. ज्या व्हरांड्यात बोलले होते तिथंच, बसलेल्या बायांसमोर, मुलीलाही तेच सांगितलं. त्या दिवशीच्या चारपैकी दोघीच होत्या, पण चालून गेलं.

दोघी पोरी पायरीवर डबे उघडून बसल्या. देगलूरची मुलगी लाजत म्हणाली, "काकू, खरंच उलटं वाचलंत?"

माझी पोरगी तोंडातला घास कसाबसा गिळून सुरूच झाली. ‘थांबा’चं पान, अहमदपूरचा चुकलेला चहा, लोह्याचं रडणं, आजोबांचं भिंग. सगळं तिखटमीठ लावून सांगत होती, मधेच मला विचारत होती, असंच झालं ना गं मम्मी? आणि मी नुसती हाव, हाव म्हणत होते.