कर वाचवणारा गोठा

आयकर वाचवण्यासाठी नुसती स्वप्नं पाहणारा बेंबळीतला मी पहिलाच माणूस असेन.

शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो आणि धाराशिवचं राहतं घर विकलं. चांगला नफा झाला. (आयुष्यात एवढं एकच काम मी फायद्यात केलं!) सीए साहेब म्हणाले, "सर, या नफ्यावर टॅक्स लागेल. पण तेच पैसे घालून तीन वर्षांत नवं राहतं घर बांधलं, तर वाचेल. तोवर बँकेत त्याचं वेगळं खातं काढा."

मी डोळे मिटले आणि घर तिथंच बांधून झालं!

सुमनची, म्हणजे माझ्या बायकोची, अट एकच. "उभा ओटा अन् पूर्वेला खिडकी. जन्म अंधाऱ्या स्वयंपाकघरात गेला माझा. टॅक्सापायी ओटा गेला, तर बघा!"

बेंबळीतल्या आमच्या जागेवर मी पांढरी फक्की मारून खोल्या आखल्या. रोज संध्याकाळी भाड्याच्या खोलीतून निघून आम्ही त्या रेघांमध्ये जाऊन बसायचो. समोरच्या तुरीवर ऊन उतरायचं, वारा आमच्या नसलेल्या भिंतींतून आरपार जायचा, आणि मला अगदी धन्य वाटायचं.

"अवो, भिंतीतून कशाला येताय? दार तिकडं हाय की!" सुमन ओरडायची. मीही मुकाट्याने वळसा घालून दारातून आत यायचो.

एका संध्याकाळी अण्णा, माझे वडील, काठी टेकत आले आणि थेट बेडरूमच्या मधोमध उभे राहिले.

"गोठा कुठंय?"

"अण्णा, आधी घर तर होऊ द्या..."

"म्हैस उघड्यावर अन् तू स्लॅबखाली? आपल्यात आधी गोठा, मग घर!"

आमच्याकडे अण्णांना नाही म्हणायची पद्धत नाही. गोठा झाला. पक्क्या भिंती, वर स्लॅब, खाली फरशी. "चंद्रीला लई उकडतंय," म्हणून अण्णांनी म्हशीला पंखासुद्धा लावला! मी बाहेर बाजेवर पडून विचार करायचो, गोठा इतका देखणा, तर घर कसं होईल? त्या गोड विचारात पावसाळे येऊन गेले.

मग सीए साहेबांचा फोन आला. "सर, मुदत संपत आली. घर झालं का?"

"झाल्यातच जमा. या की बघायला!"

ते आले. मी त्यांना रेघांतून फिरवलं. "हा हॉल. सांभाळून, उंबरा आहे." साहेबांनी खरोखर पाय उचलला! मग भानावर येऊन म्हणाले, "सर, भिंती?"

"डोळ्यांसमोर उभ्या आहेत."

"त्या आयकरवाल्यांना दिसायला पाहिजेत! अन् खात्यातले निम्मे पैसे कुठं गेले?"

मी गोठ्याकडे बोट केलं. पंख्याखाली चंद्री रवंथ करत होती. साहेब मटकन उंबऱ्यावर बसले. "सवलत राहत्या घराला आहे, सर. माणसांच्या!"

सुमन पुढं आली. "टॅक्स भरून माझा ओटा व्हतोय का?" तिनं विचारलं.

"नाही होत," मी म्हणालो. तिचे डोळे भरून आले आणि मला स्वतःची खरंच लाज वाटली.

तिनं पदरानं डोळे पुसले, गोठ्यात गेली आणि भिंत थापटून म्हणाली, "पूर्वेची खिडकी हितं बी निघंल. म्हशीला बाहेर काढा!"

मी घाबरत अण्णांकडे पाहिलं. "मी आधी गोठा म्हनलो व्हतो," अण्णा म्हणाले. "मागून त्याचं काय करायचं ते तुमचं तुमी बघा."

मुदतीच्या आत ओटा आला, न्हाणीघर आलं, शेजारी दोन खोल्या वाढल्या, ग्रामपंचायतीत घर म्हणून नोंद झाली. टॅक्स वाचला. चंद्रीला मागं पत्र्याचं छप्पर केलं, पण तिनं ते काही मनावर घेतलं नाही.

काल दुपारी पंख्याखाली माझा डोळा लागला होता. कुणीतरी कानाशी ऊन ऊन श्वास सोडला. पाहतो तर उशाशी चंद्री!

"सुमन, ही आत कशी आली?"

खिडकीतल्या उजेडात भाकरी थापता थापता सुमन म्हणाली, "पंखा तिचा हाय. तुमी जरा तिकडं सरका की!"

मी उशी घेऊन सरकलो.